सिस्टिम सर्व्हरमधली सर्व्हिस रिफॅक्टर कशी करावी

अँड्रॉइडमध्ये ॲक्टिव्हिटी मॅनेजर, पॅकेज मॅनेजर, विंडो मॅनेजर, पॉवर मॅनेजर, नोटिफिकेशन मॅनेजर अशा शंभरावर सर्व्हिस एकाच प्रोसेसमध्ये नांदतात. त्या प्रोसेसचं नाव सिस्टिम सर्व्हर. तिच्यातल्या कुठल्याही एका सर्व्हिसमधून न पकडलेलं एक्सेप्शन निसटलं की अख्खी प्रोसेस जाते. तिच्यामागोमाग झायगोट (जिच्यातून सगळी ॲप्स जन्मतात ती प्रोसेस) स्वतःला संपवतो आणि इनिट, म्हणजे फोनची पहिली प्रोसेस, त्याला पुन्हा उठवेपर्यंत फोनवरची सगळी ॲप्स मेलेली असतात. वापरणाऱ्याला दिसतं ते इतकंच, की हातातला फोन अचानक बूट ॲनिमेशनवर गेला.

ॲपमध्ये रिफॅक्टरिंग म्हणजे मोठा क्लास फोडणं, नावं सुधारणं, तोच तो कोड एका जागी आणणं. सिस्टिम सर्व्हिसमध्ये तेवढ्याने भागत नाही. इथे प्रत्येक मेथडसोबत चार गोष्टी कुठेही न लिहिता चालत आलेल्या असतात: ती कोणता लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला, म्हणजे कामाच्या एकाच धाग्याला, आत सोडणारं कुलूप) धरून चालते, कोणाच्या ओळखीने चालते, बूटच्या कोणत्या टप्प्यानंतर चालते आणि डिस्कवरच्या कोणत्या फाईलवर विसंबते. मेथडच्या सिग्नेचरमध्ये यातलं काहीच दिसत नाही. मेथड एका फाईलमधून दुसरीत हलवली तर कंपायलर काही बोलत नाही, आणि या चारपैकी एखादी गोष्ट मागेच राहून जाते. पुढची सगळी पद्धत या चार गोष्टी शाबूत ठेवण्यासाठी आहे.

हात लावण्याआधी

पहिल्या कमिटच्या (कोडमधल्या एका नोंदवलेल्या बदलाच्या) आधी एक तक्ता बनवा. सर्व्हिसमधलं प्रत्येक बदलणारं फील्ड एका ओळीत, आणि त्यासमोर ते कोणत्या लॉकखाली वाचलं जातं, कोणत्या लॉकखाली लिहिलं जातं आणि कोणकोणते थ्रेड तिथे पोचतात. थ्रेड मोजताना सहसा बाइंडर थ्रेड (दुसऱ्या प्रोसेसमधून आलेले कॉल चालवणारे) आणि सर्व्हिसचा स्वतःचा हँडलर थ्रेड (रांगेतली कामं एकेक करणारा) एवढेच लक्षात राहतात. त्याशिवाय मेन थ्रेड आहे, वाटून वापरले जाणारे फोरग्राउंड, यूआय, आयओ आणि डिस्प्ले थ्रेड आहेत, ब्रॉडकास्ट रिसीव्हर आणि कंटेंट ऑब्झर्व्हर आहेत. सगळ्यात जास्त विसरला जातो तो ‘बाइंडर डाइड’ कॉलबॅक. समोरचं ॲप मेलं की तो बाइंडर थ्रेडवर कधीही येऊन धडकतो.

तक्त्यात एकाच फील्डसमोर दोन वेगळे लॉक आले, किंवा लिहिताना लॉक आहे आणि वाचताना नाही असं दिसलं, तर तो आधीपासूनचा बग आहे. तो रिफॅक्टरिंगच्या कमिटमध्ये मिसळू नका, वेगळा दुरुस्त करा.

मग आजची स्थिती नोंदवून ठेवा. इव्हेंट लॉगमधल्या ‘डीव्हीएम लॉक सॅम्पल’ या नोंदींत कोण किती मिलिसेकंद थांबलं आणि लॉक कोणत्या ओळीवर धरलेला होता हे सापडतं. परफेटो या ट्रेसिंग साधनाच्या ट्रेसमध्ये हेच ‘मॉनिटर कंटेन्शन विथ ओनर’ अशा पट्ट्यांच्या रूपात दिसतं. ॲप उघडणं, ॲप इन्स्टॉल करणं, यूजर बदलणं अशा तीन-चार ठरलेल्या कृतींचे ट्रेस घ्या आणि जपून ठेवा. काम झाल्यावर तुलनेला दुसरं काही हाताशी नसतं. बूटसाठी ‘सिस्टिम सर्व्हर टायमिंग’ या टॅगचा लॉग साठवा.

सर्व्हिसचा डम्पसिस (तिची आतली स्थिती छापणारी आज्ञा) तोकडा असेल तर पहिली कमिट त्यालाच सुधारण्याची असू द्या. एक अडचण ध्यानात ठेवा. डम्पही बहुतेक वेळा तोच लॉक मागतो, त्यामुळे सर्व्हिस अडकली की डम्पही अडकतो आणि डम्पसिस १० सेकंदांनी नाद सोडतं. शक्य असेल तिथे लॉकखाली फक्त प्रत घ्या आणि छापण्याचं काम लॉकबाहेर करा.

कमिटचा क्रम

एका कमिटमध्ये एकच प्रकारचा बदल करायचा, हा नियम इथे कडक पाळावा लागतो. आधी कोड जसाच्या तसा नव्या मदतनीस क्लासमध्ये हलवा, एकही अट न बदलता आणि जुनाच लॉक ऑब्जेक्ट कन्स्ट्रक्टरमधून पुढे देऊन. पुढच्या कमिटमध्ये नावं. त्यानंतर घड्याळ, हँडलर, दुसऱ्या सर्व्हिस यांसारख्या बाहेरच्या गोष्टी एका इंजेक्टर क्लासमधून यायला लावा, म्हणजे टेस्टमध्ये त्या बदलता येतील. लॉकची रचना किंवा वागणूक बदलायची ती सगळ्यात शेवटी.

नव्या मदतनीस क्लासला लगेच स्वतःचा नवा लॉक देण्याचा मोह होतो. तो टाळा. दोन क्लास, दोन लॉक, आणि दोघे एकमेकांच्या मेथड बोलावतात, ही डेडलॉकची, म्हणजे दोन थ्रेड एकमेकांसाठी कायमचे अडकण्याची, तयार मांडणी आहे.

सिस्टिम सर्व्हरमधल्याच दुसऱ्या सर्व्हिसला काही द्यायचं असेल तर एआयडीएलमध्ये (प्रोसेसबाहेरून बोलावता येणाऱ्या इंटरफेसमध्ये) मेथड वाढवू नका. ‘लोकल सर्व्हिसेस’मध्ये नोंदवलेला अंतर्गत इंटरफेस वापरा. एआयडीएलमध्ये गेलेली मेथड ॲप्सच्या बाजूनेही बोलावता येते आणि तिची परवानगी तपासण्याची जबाबदारी कायमची गळ्यात पडते. शुद्ध रिफॅक्टरिंगमध्ये सार्वजनिक एपीआयच्या यादीच्या फाईलींत फरक शून्य यायला हवा. लपलेल्या मेथडवर ‘अनसपोर्टेड ॲप यूसेज’ हे ॲनोटेशन दिसलं तर तिचं नाव किंवा प्रकार बदलू नका. कुठलं तरी जुनं ॲप रिफ्लेक्शनने (नावावरून मेथड शोधून) तिथवर पोचतं हे लक्षात आल्यामुळेच ते ॲनोटेशन लागलेलं असतं.

लॉक

बहुतेक वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा.

समजा इन्स्टॉल संपताना थ्रेड अ पॅकेजचा लॉक हातात धरूनच ॲक्टिव्हिटी मॅनेजरला सांगतो, की या ॲपची जुनी प्रोसेस थांबव. त्याच क्षणी थ्रेड ब ॲक्टिव्हिटी मॅनेजरचा लॉक धरून नवी प्रोसेस सुरू करतोय आणि त्यासाठी पॅकेजची माहिती मागतोय. दोन्ही मेथड स्वतंत्रपणे बरोबर आहेत. दोघं एकत्र आले की दोघंही कायमचे थांबतात. मग प्रत्येक ॲपचा कॉल येऊन त्याच लॉकपाशी उभा राहतो आणि सिस्टिम सर्व्हरचे ३१ बाइंडर थ्रेड बघता बघता भरून जातात. अडकलेले थ्रेड शोधणाऱ्या वॉचडॉगची मुदत साधारण ६० सेकंदांची असते. मुदत संपण्याआधीच एकदा तो सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोणता थ्रेड कोणत्या ओळीवर आहे ते) लिहून ठेवतो आणि पूर्ण मुदत संपली की सिस्टिम सर्व्हर मारतो.

हे स्टॅक ‘डेटा’खालच्या ‘एएनआर’ फोल्डरमध्ये मिळतात. लॉगमधल्या वॉचडॉगच्या ओळीत कोणता थ्रेड किंवा कोणता मॉनिटर अडकला ते लिहिलेलं असतं, तिथून सुरुवात करा. त्या थ्रेडच्या स्टॅकमध्ये ‘वेटिंग टू लॉक’ आणि पुढे ‘हेल्ड बाय थ्रेड ७२’ असं दिसेल. ७२ क्रमांकाच्या थ्रेडवर जा, तो कशासाठी थांबलाय ते पाहा, तिथून पुढच्या क्रमांकावर. माग काढत काढत पुन्हा पहिल्याच थ्रेडवर आलात तर डेडलॉक. शेवटचा थ्रेड ‘बाइंडर प्रॉक्सी’च्या ‘ट्रान्झॅक्ट नेटिव्ह’मध्ये उभा असेल तर तो दुसऱ्या प्रोसेसच्या उत्तराची वाट बघतोय, आणि चूक लॉक धरून बाहेर कॉल करणाऱ्या आपल्याच कोडची आहे. मुदतीआधीचा आणि मुदत संपतानाचा स्टॅक शेजारी ठेवून बघायची सवय लावून घ्या. लॉक धरणारा दोन्हीकडे त्याच ओळीवर असेल तर तो खरंच अडकलाय. वेगवेगळ्या ओळींवर असेल तर काम चालू आहे, पण लॉकखाली फार काम होतंय. पहिल्यात लॉकचा क्रम तपासायचा असतो, दुसऱ्यात लॉकखालचं काम कमी करायचं असतं.

दुरुस्तीची पद्धत अशी: लॉकखाली फक्त निर्णय घ्या, करायच्या कामांची स्थानिक यादी बनवा, लॉक सोडा, मग यादीतली कामं करा. खरी चूक होते ती याच्या पुढच्या पायरीवर. लॉक सोडल्यापासून काम होईपर्यंत जग बदललेलं असू शकतं: ॲप अनइन्स्टॉल झालेलं, यूजर थांबलेला, कॉलबॅक काढून टाकलेला. म्हणून कामाचा निकाल स्थितीत लिहिताना पुन्हा लॉक घ्यायचा आणि अट पुन्हा तपासायची. ही दुसरी तपासणी नसलेला पॅच रिव्ह्यूमध्ये परत पाठवावा.

कॉलबॅक लॉकबाहेर काढताना आणखी दोन खड्डे लागतात. पहिला ‘वनवे’चा. वनवे कॉल थांबून राहत नाही हे खरं, पण फक्त दुसऱ्या प्रोसेसच्या बाबतीत. ऐकणारा सिस्टिम सर्व्हरमध्येच असेल तर तो साधा मेथड कॉल होतो, त्याच थ्रेडवर आणि हातातल्या लॉकसकट. दुसरा ‘रिमोट कॉलबॅक लिस्ट’चा. एका थ्रेडचं ‘बिगिन ब्रॉडकास्ट’ चालू असताना दुसऱ्याने तेच बोलावलं तर एक्सेप्शन फेकलं जातं. जुन्या कोडमध्ये बाहेरचा लॉक ही टक्कर नकळत टाळत होता. लॉक काढला की महिनोन्महिने शांत असलेली सर्व्हिस क्रॅश होऊ लागते. सगळे कॉलबॅक एकाच हँडलर थ्रेडवरून पाठवले की प्रश्न मिटतो, शिवाय ते क्रमानेही पोचतात.

लॉकचे नियम नावांत दिसू द्या. अँड्रॉइडमध्ये लॉक धरून बोलवायच्या मेथडच्या नावाशेवटी ‘लॉक्ड’ लावायची रीत जुनी आहे. पॅकेज मॅनेजरमध्ये पॅकेजचा लॉक वाचण्यासाठी हवा असेल तर ‘एलपीआर’, लिहिण्यासाठी हवा असेल तर ‘एलपीडब्ल्यू’ आणि इन्स्टॉलचा लॉक हवा असेल तर ‘एलआय’ अशी शेपटं असतात. तिथला क्रमही ठरलेला आहे: इन्स्टॉलचा लॉक हातात असताना पॅकेजचा लॉक थोडा वेळ घेता येतो, उलट कधीच नाही. आपल्या सर्व्हिसमध्ये दोन लॉक असतील तर असा क्रम क्लासच्या माथ्यावर लिहून ठेवा. फील्डवर ‘गार्डेड बाय’ ॲनोटेशन लावा आणि महत्त्वाच्या मेथडच्या सुरुवातीला ‘थ्रेड होल्ड्स लॉक’ तपासा. खोटं निघालं तर ‘एसलॉग डब्ल्यूटीएफ’ने नोंद करा. प्रोसेस मरत नाही आणि स्टॅक हाती लागतो.

एक मोठा लॉक फोडायचाच असेल तर दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे स्थितीचेच दोन भाग करणं. अँड्रॉइड १० मध्ये ॲक्टिव्हिटी आणि टास्कचं काम ॲक्टिव्हिटी मॅनेजरमधून काढून ‘ॲक्टिव्हिटी टास्क मॅनेजर’मध्ये नेलं गेलं आणि ते विंडो मॅनेजरच्या लॉकखाली आलं, कारण ही माहिती विंडोंच्या माहितीबरोबरच बदलते. लॉकची हद्द ठरवताना हाच निकष लावावा: जे एकत्र बदलतं ते एका लॉकखाली. पुढे ॲक्टिव्हिटी मॅनेजरमध्ये प्रोसेसच्या माहितीसाठी वेगळा लॉक आला, आणि त्याची मांडणी शिकण्यासारखी आहे. नव्या लॉकचं व्हेरिएबल आधी सगळीकडे वापरात आणलं आणि एका स्थिरांकावर ठरवलं, की ते नव्या ऑब्जेक्टकडे बोट दाखवेल की जुन्याच मोठ्या लॉककडे. जावातला लॉक तोच थ्रेड पुन्हा घेऊ शकतो, त्यामुळे दोन्ही व्हेरिएबलं एकाच ऑब्जेक्टवर असली तरी कोड चालतो. काही बिनसलं तर एक ओळ बदलून जुनी वागणूक परत. स्वतःच्या सर्व्हिसमध्ये लॉक फोडताना हीच युक्ती वापरा.

दुसरी वाट स्नॅपशॉटची. पॅकेज मॅनेजरच्या एकाच फाईलमध्ये एके काळी २०,००० हून जास्त ओळी होत्या आणि जवळपास प्रत्येक चौकशी एकाच लॉकवरून जायची. अँड्रॉइड १२ पासून चौकशीचा भाग ‘कॉम्प्युटर’ नावाच्या इंटरफेसमागे गेला आणि न बदलणाऱ्या प्रतीवर लॉकशिवाय चालू लागला. वाचन भरपूर आणि लेखन थोडं असेल तरच हे परवडतं, कारण प्रत्येक लेखनानंतर प्रत शिळी होते आणि नवी बनवावी लागते. फसायला होतं ते उथळ प्रतीत: मॅप नवा, पण आतले ऑब्जेक्ट जुनेच आणि बदलणारे. मग लॉक नाही आणि सुरक्षितताही नाही. दुसरी फसगत म्हणजे मेथडच्या सुरुवातीला घेतलेला स्नॅपशॉट मधल्या लेखनानंतरही वापरत राहणं. लिहिलंत की नवा घ्या.

ओळख

बाइंडर कॉलमध्ये ‘गेट कॉलिंग यूआयडी’ बोलावणाऱ्या ॲपचा यूआयडी (सिस्टिमने दिलेला ओळख क्रमांक) देतो. ही ओळख थ्रेडला चिकटलेली असते, आणि रिफॅक्टरिंगमध्ये सगळ्यात धोकादायक चूक इथे होते. लॉकवरची गर्दी कमी करायला कोणी तरी मेथडचं पोट हँडलरवर पोस्ट करतं. परवानगीची तपासणी त्या पोटातच असते. हँडलर थ्रेडवर बाइंडर कॉल चालू नसतो, म्हणून तिथे ‘गेट कॉलिंग यूआयडी’ सिस्टिम सर्व्हरचाच यूआयडी, म्हणजे १०००, देतो. तपासणी प्रत्येक वेळी पास होते. एकही टेस्ट लाल होत नाही, आणि कुठलंही ॲप ते काम करवून घेऊ शकतं.

म्हणून परवानगीची तपासणी बाइंडर मेथडच्या पहिल्या ओळींत ठेवा. यूआयडी आणि पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) तिथेच स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्या आणि पुढच्या मेथडना पॅरामीटर म्हणून द्या. आतल्या मेथडमध्ये ‘गेट कॉलिंग यूआयडी’ दिसला तर तो काढून पॅरामीटर आणणं हीच एक स्वतंत्र, उपयोगी कमिट आहे.

याची उलट बाजूही सांभाळा. सिस्टिम सर्व्हरमधली एक सर्व्हिस दुसरीला बोलावते तेव्हा थ्रेड बदलत नाही आणि ओळखही मूळ ॲपचीच राहते, त्यामुळे समोरची सर्व्हिस परवानगी नाकारते. तिथे ‘क्लिअर कॉलिंग आयडेंटिटी’ करायचं आणि ‘फायनली’मध्ये ओळख परत बसवायची. या दोन ओळींमधला भाग शक्य तितका छोटा ठेवा आणि त्यात परवानगीची तपासणी कधीही येऊ देऊ नका. एकाहून जास्त यूजरचं भानही इथेच लागतं: यूआयडी म्हणजे यूजर क्रमांक गुणिले १,००,००० अधिक ॲपचा क्रमांक. यूआयडीलाच ॲपचा क्रमांक समजणारा कोड पहिल्या यूजरवर नेहमी बरोबर चालतो, दुसऱ्यावर मात्र चुकतो.

बूटचे टप्पे

‘ऑन स्टार्ट’मध्ये सर्व्हिस फक्त जाहीर करा, दुसऱ्या कोणाला काही विचारू नका. टप्पा ५०० नंतर पॉवर किंवा पॅकेज मॅनेजरसारख्या मूळ सर्व्हिसना बोलावता येतं, ५५० नंतर ब्रॉडकास्ट पाठवता येतात, ६०० नंतर बाहेरच्या ॲप्सना बांधता येतं, आणि १००० म्हणजे बूट पूर्ण. फोडलेल्या क्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये ‘गेट सिस्टिम सर्व्हिस’ गेला की तो नकळत आधीच्या टप्प्यात चालतो आणि नल घेऊन येतो. असे संदर्भ टप्पा ५०० वर भरा. हे सगळं मेन थ्रेडवर एकामागून एक चालतं, त्यामुळे एकीचा उशीर पुढच्या सगळ्यांना लागतो. ५० मिलिसेकंदांहून जास्त वेळ घेणाऱ्या सर्व्हिसबद्दल लॉगमध्ये इशारा येतो, तो दुर्लक्षू नका. जड वाचन बॅकग्राउंड थ्रेडवर न्या. वॉचडॉग त्या थ्रेडवर नजर ठेवत नाही, कारण तिथे लांबलचक कामं अपेक्षितच आहेत.

डिस्कवरची स्थिती

फाईल ‘ॲटॉमिक फाईल’नेच लिहा. लेखन मध्येच तुटलं तरी जुनी प्रत टिकते. मात्र ती स्वतः कोणताही लॉक घेत नाही. लॉकखाली प्रत काढून लॉकबाहेर लिहिताना दोन थ्रेडांनी उलट्या क्रमाने लिहिलं तर जुनी स्थिती नवीवर बसते, म्हणून लेखन एकाच थ्रेडवर ठेवा. अपयश आलं तर ‘फेल राइट’ बोलवायला विसरू नका. वाचताना अनोळखी टॅग सोडून द्या, खराब आकडा आला तर ती एक नोंद टाका. एक्सेप्शन बाहेर पडू दिलं तर प्रत्येक बूटला तीच फाईल वाचून तोच क्रॅश होईल आणि फोन कधीच उभा राहणार नाही. अँड्रॉइड १२ पासून यातल्या बऱ्याच फाईली बायनरी एक्सएमएलमध्ये असतात, त्या वाचायला फोनवरच ‘एबीएक्स टू एक्सएमएल’ हे साधन आहे. यूजरच्या पासवर्डने कूटबद्ध केलेली जागा पहिल्या अनलॉकनंतरच उघडते, म्हणून तिथल्या फाईलींना ‘ऑन यूजर अनलॉकिंग’च्या आधी हात लावू नका.

तपासणी

यूजरडीबग (विकासासाठीच्या) बिल्डवर फक्त सर्व्हिसेस मॉड्यूल बांधा, एडीबी रूट, रीमाउंट, सिंक करा आणि शेलमध्ये ‘स्टॉप’ व ‘स्टार्ट’ द्या. काही मिनिटांत नवा कोड चालू होतो. पण याने पूर्ण रीबूटची भरपाई होत नाही: कर्नल आणि वोल्ड (स्टोरेज सांभाळणारी प्रोसेस) तसेच चालू राहतात, त्यामुळे पहिल्या अनलॉकआधीची स्थिती तपासली जात नाही. प्रत्येक पॅचमालिकेसाठी एकदा तरी लॉक स्क्रीनवर पासवर्ड ठेवून रीबूट करा, पाच मिनिटं अनलॉक न करता थांबा आणि लॉग वाचा. मग दुसरा यूजर बनवा, त्यावर जा, परत या, त्याला काढून टाका, आणि डम्पमध्ये त्याची एकही नोंद उरली नाही ना ते पाहा.

युनिट टेस्ट ‘फ्रेमवर्क्स सर्व्हिसेस टेस्ट्स’मध्ये लिहा. हँडलरऐवजी ‘टेस्ट लूपर’ वापरला की वेळ हाताने पुढे ढकलता येते आणि ‘स्लीप’वर टेकलेल्या डळमळीत टेस्ट लागत नाहीत. लॉक सोडण्या-घेण्याच्या मधल्या फटीसाठी खास टेस्ट लिहा: यादी बनल्यावर आणि काम होण्याआधी ॲप अनइन्स्टॉल झालं तर काय होतं?

पॅच गेल्यानंतरचे दोन आठवडे ड्रॉपबॉक्स मॅनेजरमधल्या (अँड्रॉइडच्या क्रॅशनोंदींच्या साठ्यातल्या) तीन टॅगवर रोज नजर टाका: सिस्टिम सर्व्हर वॉचडॉग, सिस्टिम सर्व्हर क्रॅश आणि सिस्टिम सर्व्हर डब्ल्यूटीएफ. तिसऱ्यात आपणच पेरलेल्या लॉकच्या तपासण्या बोलू लागतात, आणि बहुधा वॉचडॉगच्या बऱ्याच आधी. तिथे आलेली एक नोंदसुद्धा बंद करण्याआधी तिचा स्टॅक सुरुवातीच्या तक्त्याशी ताडून बघा आणि जो थ्रेड तक्त्यात नव्हता तो त्यात लिहा.